अभ्रा घातलेला आरसा

माझ्याकडे बघितल्याशिवाय या वळणावरून कुणी पुढे जात नसे, आणि तरी खुद्द मला कुणी बघितलेलं नाही. लोक माझ्यात पलीकडून येणारी गाडी बघायचे. गाडी नसली की मान वळवून निघून जायचे. मी रस्त्याच्या वळणावरचा आरसा. लोखंडी खांबावर बसवलेला, फुगीर पोटाचा, लाल कडेचा. तक्रार म्हणून सांगत नाही, आमचं कामच तसं. पण मला जे सांगायचंय ते दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून दोन मिनिटं थांबा.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एकाच साच्यातून आम्ही भावंडं ढिगाने बाहेर पडत होतो. कुणी दुकानात उचलेगिरी पकडायला गेलं, कुणी गोदामाच्या कोपऱ्यात जाऊन बसलं. मला कड बसवणारा कामगार माझ्यात बघून भांग पाडायचा आणि स्वतःच्या नाकाला हसायचा. फुगीर आरशात भल्याभल्यांचं नाक बटाट्याएवढं होतं.

माझ्यात एक खोट आहे, ती आधीच सांगून टाकतो. माझ्यात सगळं असतं त्यापेक्षा लहान आणि लांब दिसतं. गाडी पार जवळ आलेली असते आणि माझ्यात ती अजून दूर वाटते. ज्याला हे ठाऊक आहे त्याचा मी मित्र. ज्याला नाही, त्याने मला दोष देऊ नये.

मला इथे आणलं उस्तादांनी. वळणावरच्या घरात राहणारे हे गृहस्थ जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. सगळे ड्रायव्हर त्यांना उस्ताद म्हणायचे, मग गल्लीही म्हणू लागली. उभ्या नोकरीत गाडीला एक ओरखडा नाही, हे ते भेटेल त्याला ऐकवायचे. ऐकणाऱ्याने जांभई दिली तरी गोष्ट शेवटाला नेल्याशिवाय सोडायचे नाहीत.

इथला रस्ता वरून उतारावर येतो आणि उस्तादांच्या घराच्या दगडी कुंपणाला वळसा घालून खाली बाजाराकडे जातो. कुंपणावर वेल माजलेली. घराच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्याला वरून काय येतंय ते दिसायची सोय नाही. उस्तादांनी रस्त्याच्या कचेरीत खेटे घालून घालून साहेबांचं डोकं उठवलं आणि शेवटी मला समोरच्या कडेला उभं करून घेतलं. खांब रोवणाऱ्यांना ते सांगत होते, "अजून जरा डावीकडे. हा वळणाचा डोळा आहे, तिरळा नको."

घरात ते, काकू आणि धाकटी. थोरली लग्न होऊन दूर गेलेली. धाकटी दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला होती. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन नमुने घ्यावे लागत, म्हणून उन्हं वर यायच्या आत तिची स्कूटर फाटकाबाहेर निघायची. निघताना ती आधी माझ्यात बघायची आणि मग, कुणी बघत नाही असं समजून, जीभ काढून दाखवायची. या वळणावर मला स्वतःसाठी असं काही दाखवणारी ती एकटीच. मला ती फार आवडायची.

गाड्या नसतात तेव्हा मी काय करतो असं कुणी विचारत नाही. मी पाखरं बघतो. साळुंक्यांची जोडी रस्त्याच्या मधून अशी चालते की जणू कर त्याच भरतात. मोटार अगदी अंगावर आली की दोन पावलं बाजूला होतात, तेही उपकार केल्यासारखं. कावळा वाळकं काहीतरी घेऊन येतो, गटारात बुडवून मऊ करतो आणि मग खातो. सातभाई घोळक्याने पालापाचोळा उलथतात आणि एकमेकांवर सारखे खेकसतात, पण एक उडाला की बाकीच्यांना राहवत नाही. कोतवाल तारेवर बसलेला असतो. घार दिसली की तो मूठभर जीव तिच्या पाठीला लागून तिला हद्दपार करून येतो.

माझ्याशीही प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. चिमणी आली, माझ्यातल्या चिमणीला दोन चोची मारल्या, कंटाळली, गेली. कावळा आला, मान वाकडी करून बघितलं, मग माझ्या मागे जाऊन दुसरा कावळा कुठे लपलाय ते तपासलं. तिथे नुसता खांब. त्यानंतर तो पुन्हा माझ्या वाटेला गेला नाही. हुशार जात.

दयाळाचं तसं नाही. काळा-पांढरा, शेपटी उभारून ऐटीत बसणारा हा पक्षी पहाटे वेलीच्या वरच्या टोकावर बसून असा गातो की मलाही वाटतं, आपल्याला ऐकू येतं ते बरंच आहे. पण विणीच्या दिवसांत त्याच्या हद्दीत दुसरा नर आला की त्याच्या डोक्यात राख जाते. कुंपणाच्या दगडांत एक जुना पाइप अर्धवट राहिला होता. त्यात त्याच्या मादीने गवत-काड्या भरून अंडी घातली. आणि त्याला समोर, माझ्यात, एक नर दिसला.

तो माझ्यावर तुटून पडला. चोच, पंजे, पुन्हा चोच. दमून वेलीवर बसायचा, गायचा, आणि माझ्यातला तो आणखी चिडलेला बघून परत यायचा. दिवसागणिक माझ्या पोटावर लाल ठिपके दिसू लागले. मला ओरडून सांगायचं होतं की बाबा रे, इथे कुणी नाही, तूच आहेस. पण माझं बोलणं म्हणजे समोरचं दाखवणं, आणि तेच तर त्याला नको होतं.

काकूंचे गुडघे गेलेले. बाहेर जाणं सुटलं होतं. ओट्यावरची खुर्ची आणि समोरची पाखरं, एवढाच त्यांचा शेजार. कुठली साळुंकी लंगडते, कोणाचं घरटं कुठे, सगळं त्यांना पाठ. त्यांना ते रक्त बघवेना.

"अहो, मरेल तो असा. चोच फुटलीय त्याची."

"पक्षी आहे तो. दमला की जाईल," उस्ताद म्हणाले.

"तुम्ही कधी गेलात दमून? कचेरीवाले दमले शेवटी."

काकूंनी उशीचा एक जुना अभ्रा काढला, तोंडाला नाडी ओवली. उस्ताद म्हणाले, आरसा झाकायचा नसतो. काकू म्हणाल्या, सकाळचा तेवढा वेळ, धाकटी निघायच्या आत काढते. गुडघ्यांची पर्वा न करता त्या रस्ता ओलांडून आल्या, स्टुलावर चढल्या आणि माझं तोंड झाकलं. त्यांचा हात मायेचा होता. तरी तो दिवस मला चांगला वाटला नाही.

अभ्र्यातून उजेड येतो, आकार येत नाही. पुढचं सगळं मी ऐकून सांगतोय.

दयाळ थांबला. पण अभ्रा काढला की परत सुरू. म्हणून सकाळचा वेळ वाढून दुपार झाली, दुपारची संध्याकाळ झाली, आणि मग काकूंचे गुडघेही रोज स्टुलावर चढायला तयार होईनात. अभ्रा राहिला तो राहिलाच. "पिल्लं उडेपर्यंत," काकू म्हणाल्या. "चार दिवसांचा प्रश्न आहे." चांगल्या माणसांचे असे चार दिवस संपता संपत नाहीत.

आरसा झाकलेला बघून गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, आणि ते बरोबरच होतं. उतरणारा वाजवायचा, चढणारा वाजवायचा. माझ्याऐवजी तेवढा तरी आधार. पण हॉर्न झाला की मादी पाइपातून फडफडत बाहेर पडायची आणि बराच वेळ परत यायची नाही. तोवर अंड्यांतून पिल्लं निघाली होती. त्यांचा चिवचिवाट हॉर्नसरशी एकदम बंद व्हायचा. काकूंनी धाकटीकडून पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, 'पिल्लं आहेत. कृपया हॉर्न वाजवू नका.' आणि तो पुठ्ठा माझ्याच खांबाला बांधला.

लोक भले निघाले. हसले, पण ऐकलं. एरवी या रस्त्यावर कुणी कुणाचं ऐकत नाही, पण पिल्लांपुढे सगळे नमले. वर बर्फाचा कारखाना आहे. तिथून रोज सकाळी एक टेम्पो बर्फाच्या लाद्या घेऊन बाजारात उतरायचा. त्याचा ड्रायव्हर, आम्ही सगळे त्याला बर्फवालाच म्हणायचो, उस्तादांना फार मानायचा. त्याने एक दिवस ओट्याशी गाडी थांबवली.

"काकू, माझ्या इंजिनाचा आवाज लई होतो का हो पिल्लांना?"

"होतो रे थोडा. पण तू काय करणार?"

"उताराला बंदच करतो की. आपोआप येते गाडी खाली."

काकूंनी त्याला तोंडभर आशीर्वाद दिला. उस्ताद त्या वेळी आत अंघोळीला होते. इंजिन बंद केलेल्या भरल्या गाडीचा ब्रेक किती जड होतो हे काकूंना ठाऊक नव्हतं. उस्तादांना ठाऊक होतं, पण त्यांना हे कुणी सांगितलंच नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? पोराने चांगुलपणा केला, एवढंच.

मी मात्र ऐकत होतो. वळणाचा डोळा बांधला, मग तोंड बांधलं, आता पावलंही वाजेनाशी झाली. आणि हे सगळं एकेका प्रेमळ माणसाने केलं. कुणाचा राग धरावा तेच कळेना.

उस्तादांना चैन पडत नव्हतं. बायकोशी भांडून उपयोग नव्हता. पाखरांवरून तिच्याशी भांडणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. मग त्यांनी त्यांच्या परीने तोडगा काढला. सकाळी धाकटी निघायच्या वेळी ते स्वतः वळणावर, माझ्या खांबाशी, येऊन उभे राहू लागले. हाताने गाड्या थांबवायचे, हाताने सोडायचे.

"आरसा नाही तर मी आहे," ते धाकटीला म्हणाले. "मी हात केल्याशिवाय हलायचं नाही."

"बरं उस्ताद," ती म्हणायची. वडिलांना चिडवायला ती मुद्दाम उस्ताद म्हणायची.

आता एक गोष्ट सांगतो जी फक्त मला माहीत होती. मला झाकायच्या आधी उस्ताद बऱ्याचदा कुणी नसताना माझ्यासमोर येऊन उभे राहायचे. एक डोळा हाताने झाकायचे, दुसऱ्याने माझ्यात बघायचे. मग दुसरा झाकायचे. वरून येणारी मोटार माझ्यात स्पष्ट असायची आणि ते तशाच कोऱ्या नजरेने बघत राहायचे. मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं हे ते घरी बोलले नव्हते. एकदा ते माझ्याशी, म्हणजे खांबाशी, पुटपुटले, "सगळं धुरकट झालंय बघ." ज्याच्या गाडीला ओरखडा नाही त्याला दिसत नाही, हे गल्लीला कळलं तर? माणसं मान जपायला काय काय झाकतात!

तर ते वळणावर उभे राहायचे ते डोळ्यांच्या भरवशावर नाही, कानांच्या. जन्मभराचा कान होता. इंजिन वाजलं की गाडी कुठली, भरलेली की रिकामी, किती लांब आहे, ते त्यांना कळायचं. आणि खरंच, ते चुकत नव्हते. रिक्षा थांबवायचे, दुधाची गाडी थांबवायचे, मग धाकटीला हात करायचे. बर्फवाला तेवढ्या दिवसांत धाकटी गेल्यावरच उतरायचा, म्हणून निभावत होतं. रोज सकाळी तिची स्कूटर वळणापलीकडे गेली की माझा जीव भांड्यात पडायचा.

मग पिल्लं उडायची सकाळ आली.

आदल्या दिवसापासूनच पाइपाच्या तोंडाशी गडबड होती. नर चोचीत अळी धरून समोर बसायचा आणि आत न जाता बोलवायचा, यायचं तर या बाहेर. काकू उजाडायच्या आत ओट्यावर येऊन बसल्या होत्या. त्यांचा आवाज दबका आणि खुशीत होता. पहिलं पिल्लू बाहेर आलं, वेलीवर धडपडलं, बसलं. हे सगळं मला काकूंच्या पुटपुटण्यावरून कळत होतं. दुसरं पाइपाच्या तोंडाशी अडून बसलं. सातभाईसुद्धा त्या वेळी गप्प होते.

धाकटीने फाटक उघडलं.

"हळू गं," काकू कुजबुजल्या. "दुसरं निघतंय. गाडी चालू नको करूस, जरा पुढे नेऊन कर."

"उशीर होईल आई."

"दोन पावलांनी काय उशीर होतोय?"

धाकटी हसली. स्कूटर ढकलत फाटकाबाहेर आणली. चाकांखाली खडे चुरचुरले. ती माझ्या समोर आली असेल, अभ्र्याला जीभ दाखवली असेल की नाही, मला माहीत नाही. चाकं थांबली, बापाच्या हाताची वाट बघत.

उस्तादांनी ऐकलं. मीही ऐकत होतो. एरवी मला वरचा रस्ता दिसतो. त्या दिवशी मला पांढरा उजेड दिसत होता आणि त्यात कुठलाही आवाज नव्हता. रिक्षा नाही, दुधाची गाडी नाही. फक्त दयाळ पिल्लाला बोलवत होता.

"ये," उस्ताद म्हणाले.

चाकं पुढे सरकली. मग मला एक आवाज आला, तो इंजिनाचा नव्हता. ओलं ताडपत्रीचं कापड फडफडल्याचा होता, आणि जड टायर डांबरावरून घरंगळल्याचा. बर्फवाल्याची गाडी त्या दिवशी लवकर भरली होती. मी ओळखलं. अभ्रा नसता तर मी तो टेम्पो चांगला वरच्या झाडापासून दाखवला असता, लहान आणि लांब, पण दाखवला असता. ब्रेक किंचाळला. कुणीतरी "बाबा" म्हणालं. खांबासकट मी हादरलो.

उस्तादांनी अभ्रा ओढून काढला. नाडीला गाठ पडली होती, म्हणून तो फाटला. का काढला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. माझ्यात आधी त्यांचं तोंड दिसलं, अगदी जवळ, आणि त्यांच्या मागे कुंपणाला टेकलेला टेम्पो, फुटलेल्या लाद्या, आडवी स्कूटर. काकू ओट्यावरून उतरताना पडल्या होत्या आणि रांगत येत होत्या. धाकटीला दवाखान्यात नेलं, तिच्याच दवाखान्यात. ती वाटेतच गेली होती.

सगळे तिकडे गेल्यावर रस्त्यावर बर्फ वितळत राहिला. उन्हं आली तसं त्याचं पाणी उताराला लागलं. साळुंक्या आल्या आणि त्यात आंघोळ करू लागल्या, पंख फुलवून, पाणी उडवत. कावळ्यांनी चोची बुडवल्या. दुसरं पिल्लू पाइपातून निघून वेलीवर पहिल्याशेजारी बसलं होतं. पाखरांना बोल लावत नाही. पण मला ते दाखवावं लागलं, कारण मला डोळे मिटता येत नाहीत.

बर्फवाला पहिल्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसून सगळ्यांना सांगत होता, "उस्तादांनी हात केला हो तिला. मी बघितला हात. मी ब्रेकवर उभा राहिलो होतो." कुणी ऐकलं नाही. बाप पोरीला गाडीखाली हात करेल का? लोकांनी त्याला मारलं. त्याचं काम गेलं. आता तो या रस्त्याला येत नाही.

काकूंनी खुर्ची आत नेली. एकदा फक्त त्या फाटकाशी उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या आणि उस्तादांना म्हणाल्या, "मीच मारलं तिला. मीच झाकलं."

मला वाटलं उस्ताद आता बोलतील. डोळ्यांचं सांगतील. निदान अर्धं ओझं तरी त्या बाईच्या डोक्यावरून उतरेल. त्यांनी तोंड उघडलंही. मग म्हणाले, "चल आत. ऊन लागेल."

तेव्हापासून मला त्यांचा राग येतो आणि दयाही येते, आणि दोन्ही एकाच वेळी येतात.

ऑपरेशन त्यांनी करून घेतलेलं नाही. डोळे उघडले तर काय काय बघावं लागेल, असं वाटत असेल. पण ते रोज येतात. आता सकाळचेच नाही, दिवसभर. माझ्या खांबाशी उभे राहतात आणि गाड्यांना हात करतात. थांब. ये. जा. सगळ्या गावाला त्यांची गोष्ट माहीत आहे, म्हणजे जी माहीत असायला हवी तेवढी सोडून बाकीची सगळी. लोकांना त्यांचं वाईट वाटतं. पोर गेलेला बाप उन्हातान्हात उभा राहून दुसऱ्यांची पोरं सांभाळतोय, म्हणून रिक्षावाले सलाम करतात. शाळेत जाणारी मुलं त्यांचा हात पडेपर्यंत थांबतात आणि हात पडला की धावत सुटतात. आईबापांनीच तसं शिकवलंय. माझ्याकडे आता कुणी बघतच नाही. इतका मानाचा हात समोर असताना आरशात बघणं म्हणजे म्हाताऱ्याचा अपमान, असं त्यांना वाटतं.

मध्ये एकदा वरून एक नवी मोटार आली, ती विजेवर चालणारी, आवाज नसलेली. उस्तादांनी मुलांना हात केला. मोटारवाला जागा होता, म्हणून पोरं वाचली. मुलं हसत पळाली. उस्तादांना काही कळलंही नाही. तशा मोटारी आता रोज एक-दोन तरी असतात.

मला धूळ बसलीय, पोटावर एक चीर गेलीय, पण वरचा रस्ता मला अजून स्वच्छ दिसतो. तुम्ही या वळणावर याल तेव्हा त्या म्हाताऱ्याला हवं तर हात जोडा, विचारपूस करा. पण पाऊल टाकण्याआधी माझ्यात बघा. त्यांच्या हाताकडे बघून येऊ नका.